मदत हवी आहे: यामाहा आरडी ३५० (१९७३), गरम झाली की आयडल चढतो, डावा प्लग पांढरा

नमस्कार मंडळी,

गाडी १९७३ ची आरडी ३५०, मूळ जपानी, राजदूत (भारतात बनलेली आवृत्ती) नव्हे, म्हणजे पुढे डिस्क ब्रेक वगैरे सगळं आहे. बरीच वर्षं एका जागी उभी होती. टाकीतला गंज, अडकलेला कॅलिपर, कडक झालेल्या पेट्रोलच्या नळ्या हे सगळं मार्गी लागलंय, त्याबद्दल काही विचारायचं नाही. अडलंय ते इंजिनापाशी.

थंड असताना मस्त सुरू होते, आयडल (थ्रॉटल न देता इंजिन फिरतं तो वेग) तेराशे आरपीएमच्या आसपास शांत बसतो. पण एकदा नीट गरम झाली की थ्रॉटल पूर्ण सोडला तरी आरपीएम खाली येत नाही, दोन-अडीच हजारावर लटकून राहतो आणि मग हळूहळू उतरतो, कधी कधी तर उतरतच नाही, गिअरमध्ये टाकून क्लच सोडत सोडत दाबून खाली आणावा लागतो. केबल अडकत नाहीये, दोन्ही कार्ब्युरेटरच्या स्लाइड (थ्रॉटलने वर-खाली होणारे दट्टे) टक् करून खाली बसतात, डोळ्यांनी बघितलंय.

प्लग काढले तर दोन वेगळ्या गाड्यांचे वाटावेत असे. डावा पांढराफटक, कोरडा, इलेक्ट्रोडच्या टोकाला बारीक चमकते कण दिसतात. उजवा काळा आणि ओला, आणि उजव्याच सायलेन्सरमधून पांढरट धूर, जो गरम झाल्यावरही कमी होत नाही. प्लग दोन्ही नवे आणि एकाच नंबरचे, बी८एचएस. कार्ब दोन्ही पूर्ण खोलून साफ केलेत, जेट (पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकं) दोन्हीकडे सारखे, फ्लोटची उंची सारखी, सिंक केलंय. पॉइंट्सचा गॅप ०.३५ मिमी, टायमिंग डायल गेजने दोन्ही सिलिंडरला टीडीसीच्या (पिस्टनच्या सर्वात वरच्या जागेच्या) आधी २.० मिमीवर लावलंय.

एका मेकॅनिकचं म्हणणं पडलं की डाव्या कार्बला मोठा मेन जेट टाका आणि उजव्याला लहान, झालं काम. मला ते पटत नाहीये, कंपनीने दोन्हीकडे सारखे जेट दिलेत ते उगाच नाही ना. पण मग एक बाजू कोरडी आणि दुसरी ओली का? ऑटोल्यूब पंप (इंजिनाला आपोआप तेल देणारा) एका बाजूला कमी तेल देतोय असं असू शकतं का? गाडी सध्या चालवणं बंद ठेवलंय, पिस्टन धरला, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकून बसला, तर या वयाच्या इंजिनाचे सिलिंडर परत मिळवणं सोपं नाही. जाणकारांनी सांगा, सुरुवात कुठून करू?

जुनेइंजिन:
चालवणं बंद केलंत हे उत्तम, ते चमकते कण म्हणजे पिस्टनचं ॲल्युमिनियम असू शकतं. एक्झॉस्ट पाइप सोडवून पोर्टमधून पिस्टनच्या स्कर्टवर (खालच्या बाजूच्या भिंतीवर) उभे ओरखडे आहेत का बघून घ्या आधी.

जेटला हात लावू नका. आयडलला आणि थ्रॉटल सोडल्यावर मेन जेटचा संबंधच येत नाही, तो साधारण पाऊण थ्रॉटलच्या पुढे बोलायला लागतो, खाली सगळं पायलट जेट आणि एअर स्क्रू. शिवाय हवा भलतीकडूनच शिरत असेल तर पेट्रोल वाढवून आजार फक्त झाकला जातो.

मला यात एक नाही, दोन स्वतंत्र भानगडी दिसतात. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस हाच पंप, दोन्ही टोकांना क्रँकवर रबरी ऑइल सील असतात आणि गाडी उभी राहून राहून ते दगड होतात. डावीकडच्या सीलपलीकडे जनरेटर आणि पॉइंट्स आहेत, म्हणजे नुसती हवा. तो सील गेला की डावा सिलिंडर बाहेरची हवा ओढतो, मिश्रण लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी), प्लग पांढरा, आयडल लटकतो. उजवीकडच्या सीलपलीकडे क्लच आणि गिअरबॉक्सचं तेल. तो गेला की उजवा सिलिंडर गिअरबॉक्सचं तेल पितो, धूर आणि ओला प्लग. तुमची लक्षणं हुबेहूब हीच आहेत. गिअरबॉक्सच्या तेलाची पातळी तपासलीत का? बाहेर कुठे गळत नसताना ती उतरत असेल तर उजव्याचा निकाल लागला.

मिकुनी_२८:
+१, पण सीलवर शिक्का मारायच्या आधी कार्ब आणि रीड ब्लॉकच्या (मिश्रण एकाच दिशेने आत सोडणाऱ्या पाकळ्यांच्या झडपेच्या) मधले इनटेक रबर बघा. वरून ठणठणीत दिसतात आणि हाताने वाकवले की घडीत चीर उघडते. रीडच्या पाकळ्याही उजेडासमोर धरून बघा, टोक तुटलंय का, नीट टेकतात का.

ऑटोल्यूबचं विचारलंत म्हणून, दोन्ही बाजूंच्या तेलाच्या नळ्यांमध्ये हवेचा बुडबुडा दिसतोय का? पंप एकदा सुटला असेल तर ब्लीड करावाच (आतली हवा काढावीच) लागतो. आणि थ्रॉटल उघडताना स्लाइडवरची खूण आणि पंपाच्या पुलीवरची खूण एकाच वेळी जुळली पाहिजे. पंपावर पूर्ण भरवसा बसेपर्यंत टाकीतच पंचवीस भाग पेट्रोलला एक भाग तेल मिसळा, थोडा धूर जास्त होईल, होऊ दे.

धागाकर्ता:
खूप आभार दोघांचे. गिअरबॉक्सची पातळी खरंच खाली आहे आणि खाली जमिनीवर एक थेंब नाही. नळ्यांत बुडबुडे नाहीत, खुणा जुळतात. स्कर्टवर एक्झॉस्टच्या बाजूला बारीक रेघा आहेत पण नखाला लागत नाहीत. इनटेक रबर मऊ आहेत, चीर सापडली नाही. काही जण म्हणतात चालू इंजिनावर डावीकडे कार्ब क्लीनर मारून बघ, आरपीएम बदलला की सील गेलाय. करू का?

जुनेइंजिन:
इनटेकपाशी जपून ठीक, पण डाव्या सीलपाशी अजिबात नको! तिथे पॉइंट्सची ठिणगी पडत असते, शेजारी गरम इंजिन आणि तुम्ही त्यावर पेटणारा स्प्रे मारणार. बंद इंजिनाची लीक टेस्ट करा, तीच खरी.

दोन्ही इनटेक आणि दोन्ही एक्झॉस्ट रबरी बुचांनी घट्ट बंद करा, एका बाजूला प्लग राहू द्या, दुसऱ्या प्लगच्या भोकातून हातपंपाने हवा भरा, मध्ये लहान गेज हवा. सहा पीएसआय, त्याच्या वर जाऊ नका, नाहीतर चांगला सीलही जागचा हलेल. सहा मिनिटं दाब टिकला तर इंजिन बंदिस्त. आरडीत दोन सिलिंडरच्या मध्ये रबरी सील नाही, लॅबिरिंथ (न टेकणाऱ्या खाचांचा सील) आहे, त्यामुळे थोडी हवा इकडून तिकडे जाणारच, म्हणून एकच बाजू बंद करून टेस्ट केली तर काही कळत नाही, दोन्ही एकदम बंद करायच्या. मग साबणाचं पाणी घेऊन सगळीकडे फिरा: बेस गॅस्केट, हेड, रीड ब्लॉक, डावा सील. उजवा सील झाकलेला असतो, त्यासाठी गिअरबॉक्सच्या ब्रीदरच्या (हवा बाहेर जायच्या नळीच्या) तोंडाशी साबणाचा फुगा धरा, फुगला तर हवा तिथून येतेय.

धागाकर्ता:
टेस्ट केली. सहा पीएसआय भरला आणि गेजचा काटा बघता बघता शून्यावर. जनरेटरचं कव्हर काढून ब्रश लावला तर स्टेटरच्या (जनरेटरच्या स्थिर भागाच्या) मागून, अगदी क्रँकच्या भोवती, गोलाकार फेस यायला लागला. ब्रीदरवरही फुगा फुगतो, त्यापेक्षा हळू पण फुगतो नक्की. बेस गॅस्केट आणि हेड कोरडे. म्हणजे तुम्ही म्हणालात तसंच, दोन्ही सील गेलेत. उगाच जेट बदलत बसलो असतो तर डावा पिस्टन गेला असता हे आता स्पष्ट दिसतंय, मनापासून धन्यवाद.

आता पुढचं सांगा. इंजिन खाली उतरवून पूर्ण उघडू की सील जागच्या जागी उपटून बदलायचा प्रयत्न करू? आणि रोटर (जनरेटरचा फिरणारा भाग) क्रँकच्या निमुळत्या टोकावर घट्ट बसलाय, निघत नाही.

मिकुनी_२८:
रोटरला हातोडी लावू नका, कृपा करून. या गाडीचा क्रँक तुकडे प्रेस करून जोडलेला असतो, टोकाला ठोके बसले की तो वाकडा होतो आणि मग नवे सीलही टिकत नाहीत. मधला बोल्ट काढून पुलरनेच काढा. आणि कव्हरचे स्क्रू जेआयएस (जपानी मानकाचे) आहेत, साध्या फिलिप्सने डोकी खाल्ली जातात, जेआयएस बिट आणि इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरा.

जुनेइंजिन:
माझं मत विचाराल तर उघडाच. केस आडव्या जोडावर दोन भागांत उघडते, खालचा अर्धा भाग काढला की क्रँक सरळ उचलून हातात येतो, सील उपटताना केसला ओरखडा जायचा प्रश्नच नाही. इतकी वर्षं उभी गाडी, मेन बेअरिंगवर गंजाचे ठिपके असतील तर तेही कळेल. कनेक्टिंग रॉड वर-खाली हलवून बघा, वर-खाली प्ले बिलकुल नको, बाजूला थोडा चालतो. क्रँक व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल लावा, डायल गेज तर तुमच्याकडे आहेच.

बसवताना सीलची स्प्रिंगची बाजू क्रँककेसकडे, ओठाला टू-स्ट्रोक तेल. बेअरिंगच्या लोकेटिंग पिना आपापल्या जागी बसल्याशिवाय केस आवळू नका. जोडावर गॅस्केट नसतं, यामाबाँड ४ सारखं लिक्विड गॅस्केट पातळ लावा, तेलाची भोकं सोडून. आणि सिलिंडर परत चढवायच्या आधी बोअर मोजून घ्या, त्या बारीक रेघा बघता डाव्या पिस्टनचा क्लिअरन्स किती उरलाय ते कळलं पाहिजे.

धागाकर्ता:
ठरलं, इंजिन उतरवतो. पुलर आणि जेआयएस बिट आधी मिळवतो, तोवर हात लावत नाही. क्रँक बाहेर आला की बेअरिंग, रॉड आणि डाव्या बोअरची मापं इथेच टाकतो, बघून सांगा पिस्टन तोच चालेल की ओव्हरसाइज (थोडा मोठा) घ्यावा लागेल.