जुनी डिझेल फोर बाय फोर घ्यायचीय आणि मागे ७०० किलोचा डबा ओढायचाय. स्टॉर्म की फॉर्च्युनर?

कोथरूडचा_भटक्या

मंडळी, आधी डब्याबद्दल सांगतो, म्हणजे प्रश्न कळेल. माझ्या मेहुण्याची भोसरीत फॅब्रिकेशनची छोटी शेड आहे. लॉकडाऊनमध्ये ऑर्डरी नव्हत्या तेव्हा त्याने हौसेने चाकांवरची एक खोली बनवली. दोघं झोपतील एवढी गादी, मागचं झाकण वर केलं की ओटा, त्याच्याखाली ६० लिटरची पाण्याची टाकी. घरात सगळे त्याला 'डबा' म्हणतात. काट्यावर नेऊन बघितला, सामानासकट ७०० किलो भरला. तेव्हापासून ताडपत्रीखाली उभा आहे, कारण माझ्या स्विफ्टच्या मागे तो लावायची माझी छाती नाही.

आता बायकोने निर्वाणीचं सांगितलंय, "एकतर तो डबा बाहेर काढा, नाहीतर भंगारात द्या." तेव्हा गाडी बघतोय. डबा घेऊन कोकण आणि हंपी, आणि डबा घरी ठेवून एकदा स्पिती, असा बेत आहे. बजेट ट्रान्सफरसकट नऊ लाख.

दोन गाड्या बघितल्या. पहिली टाटाची सफारी स्टॉर्म, व्हेरिकोर ४०० इंजिनवाली, फोर बाय फोर, २०१६ची, एमएच-१४, दुसरा मालक, १,१८,००० किमी, सव्वासात लाख सांगतोय. गाडी दिसायला दमलेली आहे, एका दरवाज्याला टेंगूळ आहे. दुसरी टोयोटाची फॉर्च्युनर ३.०, फोर बाय फोर, मॅन्युअल, २०१३ची, दिल्ली पासिंग, ९६,००० किमी, वाकडच्या एका एजंटकडे, ८ लाख १० हजार. ही मात्र चकाचक, आत बसल्यावर उतरावंसं वाटत नाही. सल्ला द्या, आणि जरा पोटतिडकीने द्या.

डिझेल_डोक्यात

टोयोटा म्हणजे टोयोटा. डोळे झाकून घ्या.

कागदपत्रवाला_एमएच१२

डोळे झाकून अजिबात घेऊ नका, विशेषतः दिल्लीची.

दिल्लीत दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये बंदी घातली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती उचलून धरली. त्यामुळे तिकडच्या चांगल्या-वाईट सगळ्याच गाड्या पडेल भावात बाहेर निघाल्या आणि एजंट लोकांचं फावलं. गाडी त्यामुळे वाईट ठरत नाही, पण ८ लाख १० हजार ही तिची किंमत नाही. तिकडच्या आरटीओची एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र, लागेल (फॉर्म २८), इथे पुन्हा रोड टॅक्स भरावा लागेल, मग एमएचचा नंबर आणि मग तुमचं नाव. "सगळं मी करून देतो साहेब" असं एजंट म्हणेल. एनओसी तुमच्या हातात पडेपर्यंत टोकनच्या पलीकडे एक रुपया देऊ नका. गाडी आधी कर्जावर असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्रही बघा.

शिवाय २०१३ची गाडी म्हणजे २०२८ला १५ वर्षं पूर्ण. मग आरटीओत फिटनेस, पाच वर्षांसाठी नूतनीकरण, त्याची फी ५,००० आणि वर पर्यावरण कर. स्टॉर्मला तीच वेळ २०३१ला येईल.

९६,००० किमीबद्दल म्हणाल तर ब्रेक पेडलचं रबर आणि स्टिअरिंगची कातडी बघा. मीटर मागे फिरवता येतो, रबर नवं घातलं तर तेही कळतं. गाडीच्या नंबरवरून अधिकृत सर्व्हिस सेंटरला जुनी नोंद निघते का ते विचारा. आणि त्या इंजिनला टायमिंग बेल्ट असतो, दीड लाख किमीच्या आसपास बदलावा लागतो. तो आधीच बदललेला निघाला तर ९६,०००चं काय ते समजून घ्या.

स्टॉर्मवाला_काका

अहो भटक्या, तुम्ही दोन्ही गाड्यांची ओढायची ताकद बघताय. ७०० किलो कुठलीही ओढेल. स्टॉर्मला ४०० न्यूटन मीटर टॉर्क, जुन्या फॉर्च्युनरला ३४३. दोन्ही चासीवरच्या गाड्या, दोन टनांच्या आसपास वजन. प्रश्न थांबण्याचा आहे.

माझी स्टॉर्म २०१७ची. मागे मित्राचा ट्रेलर लावून ताम्हिणीने दिवेआगरला निघालो होतो. मुळशीपर्यंत राजासारखा गेलो. घाट उतरताना मी नेहमीच्या सवयीने चौथ्यात, ब्रेकवर पाय ठेवून. पाच-सहा वळणांनंतर जळका वास आला. मला वाटलं पुढच्या ट्रकचा. मग पेडल पायाखाली असं गेलं, जसं लोण्यात बोट जातं. गिअर पाडत पाडत, हँडब्रेक ओढून कशीबशी एका रुंद जागेत गाडी कडेला घेतली. चाळीस मिनिटं चाकांकडे बघत बसलो. बायको एक शब्द बोलली नाही, ते जास्त लागलं.

ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नव्हते. मेहुण्याला सांगा, डब्याला ओव्हररन ब्रेक बसव. गाडी हळू झाली की डबा हूकवर रेटतो आणि त्याच रेट्याने त्याचे स्वतःचे ब्रेक लागतात. तोवर घाट उतरायचा तो दुसऱ्या-तिसऱ्यातच.

दुसरं, तुमची ६० लिटरची टाकी मागे ओट्याखाली आहे म्हणता. म्हणजे चाकांच्या मागे ६० किलो, आणि डबा हूकवर उलाळ होणार. असा ट्रेलर हायवेला ८०च्या वर शेपटी हलवायला लागतो आणि मग गाडीलाही हलवतो. हूकवर ट्रेलरच्या वजनाच्या साधारण दहा टक्के भार हवा, म्हणजे तुमच्या बाबतीत ७० किलो. डब्याच्या दांडीखाली बाथरूममधला वजनकाटा ठेवून मोजा. टाकी पुढे घ्या.

आता गाडी. सकाळी जा, मालकाला आधीच सांगा की चालू करून ठेवू नको. बॉनेटला हात लावा, गरम असेल तर चहा पिऊन परत या. गार इंजिन एका सेल्फमध्ये उठलं पाहिजे. चालू इंजिनवर ऑइलचं झाकण काढून बघा, तिथून धुराचे लोट आले तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे इंजिन आतून झिजलंय, नमस्कार करून निघा. चढावर चौथ्यात पूर्ण अॅक्सिलरेटर दाबा. आरपीएम चढला आणि गाडी तिथेच, तर क्लच गेला, आणि ओढकाम करणाऱ्याला क्लच आधी लागतो. मग रॅम्पवर घेऊन चासी बघा. वेल्डिंगचा ताजा टाका, मागच्या आडव्या पट्टीला गंज. स्टॉर्मची स्टेपनी मागे खाली लटकते, हूक तिथेच येतो, त्यामुळे आधीच्या मालकाने तिथे काय उद्योग केलेत ते दिसेल. हूक चासीलाच हवा. शोभेचे जे पाइप बंपरला बोल्ट मारून लावतात त्यांना डबा अडकवू नका.

फोर बाय फोर डांबरावर तपासू नका. स्टॉर्मला मधला डिफरन्शियल (पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा) नाही, सुक्या रस्त्यावर वळवली की पुढची-मागची चाकं एकमेकांशी भांडतात आणि मार ट्रान्सफर केस, म्हणजे पुढे-मागे ताकद वाटणारी पेटी, खाते. (इथे फॉर्च्युनर वरचढ, ती कायम चारही चाकांवर चालते.) एखाद्या प्लॉटवरच्या मातीत घ्या. फोर-लो (चारही चाकांना संथ पण जास्त ताकद देणारा गिअर) साठी गाडी थांबवून, न्यूट्रल करून, क्लच दाबून नॉब फिरवायचा. दिवा लुकलुकत राहिला तर तो गिअर बदलणारी मोटर अडकलीय. वर्षानुवर्षं कोणी वापरत नाही म्हणून ती जाम होते.

घाटावरची

आम्ही नवरा-बायको इसुझूची व्ही-क्रॉस पिकअप वापरतो, स्पिती करून आलोय. तीन वर्षांत फोर बाय फोर खरंच लागलं ते सहा वेळा, त्यातलं एक गावच्या जत्रेत चिखलात फसलेला टेम्पो काढायला. तेव्हा त्यावर फार जीव टाकू नका, टायर चांगले घ्या. व्ही-क्रॉस सुचवणार होते, पण सव्वापाच मीटरहून लांब आहे. कोथरूडमध्ये पार्किंग शोधता शोधता संसार मोडेल.

काकांना एक जोड. ट्रेलर कायद्याने वेगळं वाहन आहे, त्याची स्वतःची नोंदणी लागते. शेडमध्ये बनवलेल्या डब्याला ती मिळवणं हे गाडी घेण्यापेक्षा मोठं काम आहे, आरटीओत आधी विचारा. गंमत म्हणजे वाहनांना मान्यता देणारी संस्था, एआरएआय, तुमच्या डोक्यावरच्या टेकडीवर आहे. विमा कंपनीलाही लेखी विचारून घ्या.

कोथरूडचा_भटक्या

सगळ्यांचे आभार. फॉर्च्युनरच्या एजंटला एनओसी विचारली. "येतेय, येतेय" म्हणाला. टायमिंग बेल्टचं विचारलं तर म्हणाला, "साहेब, चेन असते." मी फोन ठेवला.

काल स्टॉर्म बघायला गेलो. बॉनेट गरम. मालक म्हणाला, "तुमच्यासाठी जरा फिरवून ठेवली." काका, चहा प्यायलो आणि घरी आलो. रविवारी सकाळी साडेसहाला परत जातोय, या वेळी न कळवता. फोर-लो चाचणीसाठी मालकाच्या भावाचा हिंजवडीकडचा रिकामा प्लॉट ठरलाय, तेवढं मात्र आधीच बोलून ठेवलंय.

मेहुण्याला नोंदणीचं सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "दाजी, टाकी तरी पुढे घेतो." तूर्त दांडीखालचा भार मोजायचाय, पण बायको बाथरूमचा वजनकाटा भोसरीला नेऊ देत नाहीये.