प्रतिसाद : पांढरं दिसतं ते सगळंच पिठ्या ढेकूण नसतं

वर कुणीतरी लिहिलंय की जास्वंदीवर पांढरा कापूस दिसला की तो पिठ्या ढेकूणच (मिलीबग, झाडाचा रस शोषणारी कीड), सरळ साबणाचं पाणी मारा. बहुतेक वेळा हे खरंच असतं. पण फवारण्याआधी दोन मिनिटं नीट बघा, अशी कळकळीची विनंती. त्याच कापसात कधीकधी पिठ्या ढेकणाला खाणारी अळीही असते, आणि ती हुबेहूब त्याच्यासारखीच दिसते. ही क्रिप्टोलिमस नावाच्या ढालकिड्याची (लेडीबर्डची) अळी. हा किडा मूळचा ऑस्ट्रेलियातला, भारतात १८९८ साली मुद्दाम आणलेला. द्राक्षबागायतदारांना चांगलाच माहीत आहे, कुंडीवाल्यांना मात्र फारसा नाही.

मी पहिल्या वर्षी अशा कितीतरी अळ्या ब्रशने खरवडून मारल्या, त्याचं अजून वाईट वाटतं. आता झाडूची काडी घेऊन हळूच टोचून बघते. पिठ्या ढेकूण जागचा फारसा हलत नाही, हलला तरी अगदी सावकाश. अळी तुरुतुरु पळते. तिच्या अंगावरचे मेणाचे धागे लांब, वेडेवाकडे, विस्कटलेले असतात आणि पूर्ण वाढल्यावर ती सेंटीमीटरभर तरी होते. पिठ्या ढेकूण तीन-चार मिलिमीटरचा. मोठा झालेला किडा काळपट, डोकं नारिंगी, पाठीवर ठिपके नाहीत, त्यामुळे तो ढालकिडा वाटतच नाही. आणि हो, फांदीवर मुंग्यांची रांग असेल तर आधी ती रांग मोडा. चिकट गोड रसासाठी मुंग्या पिठ्या ढेकणाची राखण करतात आणि या किड्यांना हुसकावून लावतात.