१६एस (जीवाणू ओळखायला वाचतात तो जनुक) ९८.२ टक्के जुळतंय, नवी प्रजाती म्हणायची का?

जळगावकर: शौचाच्या नमुन्यातला विनॉक्सी (ऑक्सिजनविना वाढणारा) जीवाणू आहे. जवळच्या प्रजातीशी १६एस इतकाच जुळतो.

धुळेकर: ९८.७ च्या खाली म्हणजे शक्यता दाट, पण पुरावा नव्हे. भाऊ, जनुकाचे पूर्ण १,५०० बेस (डीएनएची अक्षरं) वाचलेत ना? ८०० चा तुकडा फसवतो. आता अख्खा जीनोम (जीवाणूचा सगळा डीएनए) काढा. जवळच्या प्रजातीच्या जीनोमशी साम्य मोजणारी दोन मापं, एएनआय ९५ टक्क्यांच्या आणि डिजिटल डीडीएच ७० टक्क्यांच्या खाली आलं की बोला. त्याआधी प्लेटवर दोन-तीनदा रेघाटून एकच वसाहत (एका जीवाणूपासून वाढलेला ठिपका) उचला, नाहीतर जीनोमची खिचडी होते.

तापीकाठ: जीवाणू वाढवायच्या माध्यमातलं रेझाझुरिन (ऑक्सिजन दाखवणारा रंग) गुलाबी झालं तर ऑक्सिजन शिरलाय, ती बाटली वापरू नका. मे महिन्यात नमुना बर्फाच्या पेटीतूनच न्या. आणि टाइप स्ट्रेन (नव्या प्रजातीचा अधिकृत नमुना) दोन वेगळ्या देशांतल्या जीवाणू-संग्रहांत ठेवावा लागतो; बाहेर पाठवायच्या परवानग्यांचे कागद आजच सुरू करा.