क्लीनर श्रिम्प आणि सॉफ्ट कोरल एकाच दिवशी येतायत – ड्रिप, डिप नेमकं कसं करायचं?

निवटी_पुणे

समुद्री टँक १८० लिटर, सम्प (खालची फिल्टरची टाकी) धरून २१०. पाच महिने झाले. सॅलिनिटी (खारेपणा) १.०२५, तापमान २६, अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट ५, फॉस्फेट ०.०५, केएच ८.५. मासे तीनच: दोन क्लाउन, एक सिक्स लाइन रास. बाष्पीभवन रोज दोनेक लिटर, टॉप-अपला घरच्या आरओचं पाणी, टीडीएस मीटर ३५-४० दाखवतो.

शनिवारी येणार: दोन क्लीनर श्रिम्प (माशांचं अंग साफ करणारी कोळंबी), आणि सॉफ्ट कोरलमध्ये झोआचे दोन फ्रॅग (कापून वाढवलेले तुकडे), एक मशरूम, एक टोडस्टूल लेदर. श्रिम्प गावातल्याच दुकानातून, म्हणजे पिशवी तासाभराची. दुकानदार पाणी १.०२१ वर ठेवतो. कोरल चेन्नईहून कुरिअरने, हातात येईपर्यंत २० तास तरी होतील.

सगळं एकाच बादलीत ठेवून ड्रिप केलं (टँकचं पाणी थेंबथेंब घालून सवय लावली) तर चालेल का? थेंब किती, वेळ किती? डिप (किडे काढायला औषधाच्या पाण्यात बुडवणं) श्रिम्पलाही द्यायचा असतो का? आणि लाइटचं काय?

---

उधाण

एका बादलीत अजिबात नको. दोघांच्या गरजा वेगळ्या आहेत. श्रिम्पला सॅलिनिटीचा धक्का मारतो, कोरलला लाइट आणि सोबत आलेले किडे. आधी श्रिम्पचं सांगतो, कोरलवर दुसरं कोणी लिहीलच.

१.०२१ वरून थेट १.०२५ मध्ये टाकली तर श्रिम्प तिथल्या तिथे मरत नाही, म्हणूनच लोक फसतात. ती चालते, खाते, माशाच्या अंगावरही चढते. आतून मात्र अंगातलं पाणी ओढलं गेलेलं असतं. मग दोन-चार दिवसांत कात टाकायला जाते आणि अर्ध्यात अडकते. दोष टँकला दिला जातो.

साहित्य: मेडिकलमधून सलाईनचा सेट आणा. वरचा चेंबर आणि खालची सुई कापून टाका, नळी आणि चाकाचा क्लॅम्प तेवढा ठेवा. एअरलाइनच्या नळीला गाठ मारण्यापेक्षा हा क्लॅम्प कितीतरी बरा, एकदा लावलेला वेग टिकतो. साधारण २० थेंब म्हणजे १ मिली धरा. नळीप्रमाणे थेंब लहान-मोठा होतो, म्हणून औषधाच्या मापात एक मिनिट पाणी धरून खात्री करा.

पिशवी बंदच ठेवून १५-२० मिनिटं टँकमध्ये तरंगू द्या. मग श्रिम्प पाण्यासकट टबात घ्या. पिशवीत ४०० मिली पाणी आहे असं धरू:

पहिले ४०० मिली सेकंदाला २ थेंबांनी. म्हणजे मिनिटाला ६ मिली, ६५-७० मिनिटं. टबात आता १.०२३.

अर्धं पाणी काढून फेका. पुढचे ४०० मिली सेकंदाला ४ थेंबांनी, ३३-३४ मिनिटं. आता १.०२४.

परत अर्धं काढा, परत ४०० मिली त्याच वेगाने. १.०२४५. इथे थांबलात तरी चालतं.

एकूण सव्वादोन तास. अर्धं पाणी काढण्याचा कंटाळा करू नका, नाहीतर दोन लिटर टाकूनही तेवढी मजल गाठता येत नाही. हिशोबावर विसंबू नका, प्रत्येक टप्प्याला रिफ्रॅक्टोमीटर (खारेपणा मोजायचं यंत्र) लावा. आणि तो ३५ पीपीटीच्या सोल्यूशनने कॅलिब्रेट केलेला हवा. नुसत्या आरओ पाण्यावर शून्य लावलेला मीटर वरच्या टोकाला चुकू शकतो.

सव्वादोन तासांत टबाचं तापमान खोलीकडे सरकतं हे बहुतेक जण विसरतात. मे महिन्यात खोली ३३ अंश, डिसेंबरच्या रात्री १९. टब थर्माकोलच्या खोक्यात ठेवा आणि अधूनमधून थर्मामीटर बघा.

टँकमध्ये सोडताना जाळी नको, मिशा आणि पाय अडकून तुटतात. प्लास्टिकचा ग्लास टबात बुडवून श्रिम्पला आत चालू द्या, जास्तीचं पाणी ओतून टाका. तळाला दोन-तीन चमचे राहिलं तर हरकत नाही, पण दुकानाची पिशवी टँकमध्ये ओतायची नाही म्हणजे नाही. माशांच्या औषधातलं तांबं त्यात असू शकतं. लाइट बंद करून, दगडाच्या कपारीशी सोडा. त्याच वेळी दुसऱ्या टोकाला माशांना खायला घाला, म्हणजे तुमचा सिक्स लाइन तिकडे गुंततो. मोठ्या क्लीनरला तो सहसा काही करत नाही. नुकतीच कात टाकलेली, मऊ पडलेली श्रिम्प मात्र त्याला सोडवत नाही.

दुसऱ्या दिवशी तळाला श्रिम्पचं पांढरट कवच दिसलं तर घाबरून जाऊ नका. ती कात असते. श्रिम्प मागे कुठेतरी दडून बसलेली असते.

---

कालव

आता कोरल.

२० तासांची पिशवी ही वेगळीच भानगड असते. बंद पिशवीत श्वासामुळे कार्बन डायऑक्साइड साठतो, पीएच उतरतो, आणि त्या उतरलेल्या पीएचमुळे अमोनिया कमी विषारी अशा अमोनियमच्या रूपात राहतो. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडतो, पीएच चढतो, आणि तेच अमोनियम विषारी अमोनिया होतं. अशा पिशवीचं तोंड उघडून दोन तास ड्रिप करणं म्हणजे त्या जिवाला मुद्दाम विषात बसवणं. वर उधाण यांनी दिलेला वेळ तासाभराच्या पिशवीसाठी बरोबर आहे. लांबून आलेल्या पिशवीला तो लावू नका, मग आत कोरल असो की श्रिम्प.

(श्रिम्पच कुरिअरने आली तर विक्रेत्याला आधी सॅलिनिटी विचारून ठेवा. तो १.०२१ म्हणाला तर १६८० मिली टँकचं पाणी आणि ३२० मिली खारं नसलेलं शुद्ध पाणी मिसळून त्याच सॅलिनिटीचे दोन लिटर तयार ठेवा, तापमान जुळवा. पिशवी उघडल्याबरोबर श्रिम्प त्यात हलवा, आणि ड्रिप त्या स्वच्छ पाण्यात सुरू करा.)

कोरलला ड्रिप लागतच नाही. पिशवी २० मिनिटं तरंगवा, उघडा, सॅलिनिटी मोजा. फरक ०.००२ पर्यंत असेल तर सरळ डिपकडे. जास्त असेल तर कोरल टँकच्या पाण्याच्या वाडग्यात घ्या, जे आधी थोडं आरओ घालून पिशवीच्या जवळ आणलेलं असेल, आणि अर्ध्या तासात तीन-चार वेळा पेलाभर टँकचं पाणी घालत जा.

डिप: तीन पांढरे वाडगे, तिन्हींत टँकचंच पाणी. पहिल्यात डिप, बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात, अंदाजपंचे नाही. उरलेले दोन धुवायला. आयोडीनचा डिप कापलेल्या जखमेला चांगला, पण त्याने किडे निघतील या भरवशावर राहू नका. किड्यांसाठी वेगळा डिप घ्या. झोआ आणि मशरूम ५ ते १० मिनिटं, लेदर ५ मिनिटं पुरे. तेवढा वेळ ५० मिलीच्या सिरिंजने पाण्याचे फवारे मारत राहा. वाडगा पांढरा हवा तो एवढ्यासाठी, जे गळून पडतं ते दिसतं.

झोआवर काय शोधायचं: पॉलिपच्याच (झोआच्या एकेका फुलासारख्या तोंडाच्या) रंगाचे, झालरीसारखे न्यूडिब्रँक (बिनशंखाचे समुद्री गोगलगाय). ते झोआच खातात आणि खाल्लेल्या झोआचा रंग घेतात, म्हणून टँकमध्ये दिसत नाहीत. चपट्या गोल शंखाचे, चौकटी-चौकटीच्या नक्षीचे सनडायल गोगलगाय. देठाशी आणि प्लगच्या (फ्रॅग चिकटवलेल्या छोट्या बैठकीच्या) खालच्या बाजूला पांढऱ्या वळ्यावळ्यांची अंडी. अंड्यांवर डिपचा परिणाम होत नाही. चिमट्याने खरवडा, आणि सात-आठ दिवसांनी पुन्हा डिप द्या. एकदाच डिप देऊन सुटलो असं मानणाऱ्यांकडे तीन आठवड्यांनी झोआ मिटलेले राहतात.

जुना प्लग शक्यतो ठेवूच नका. एप्टेशिया (तणासारखा पसरणारा ॲनिमोन) तिथूनच येतो. चिमट्याने ओढलात तर उरलेल्या तुकड्यातून परत उगवतो. फ्रॅग उचकटून नव्या प्लगवर सुपरग्लू जेलने चिकटवा.

इथे एक गोष्ट गंभीरपणे घ्या. झोआ आणि पॅलिथोआच्या (झोआच्याच नातलगाच्या) काही जातींत पॅलीटॉक्सिन हे विष असतं आणि ते खरंच जीवघेणं आहे. हातमोजे आणि डोळ्यांना गॉगल घातल्याशिवाय फ्रॅग कापायचा किंवा उचकटायचा नाही, दाबला की पिचकारी डोळ्यात उडते. झोआ लागलेला दगड उकळायचा नाही, उकळतं पाणी ओतायचं नाही, सुकवून ब्रशने घासायचा नाही. तोंडाला धातूची चव, ओठ बधिर, धाप लागणं, असं काही झालं तर थेट हॉस्पिटल, आणि डॉक्टरांना पॅलीटॉक्सिन हा शब्द सांगायचा.

मशरूम चिकट द्रव सोडतो, ग्लू धरत नाही. बारीक दगडांच्या वाटीत ठेवून वरून जाळी बांधा, आठवड्याभरात स्वतःच एखाद्या दगडाला धरतो. लेदर आल्यावर हिरमुसून बसणार, वर मेणचट पापुद्रा धरणार. ते आजारपण नाही, थोडा प्रवाह वाढवला की पापुद्रा निघून जातो.

तुमच्या डिपच्या प्रश्नाचं उत्तर: श्रिम्पला डिप कधीही नाही. हे डिप किडे मारायला बनवलेत, त्यात खेकडे-कोळंबीच्या जातीचेही मरतात. म्हणून श्रिम्पचा टब, नळी, ग्लास वेगळे. डिपमधला हात धुतल्याशिवाय श्रिम्पच्या टबात घालू नका, आणि डिपचं पाणी बेसिनमध्ये.

---

शिंपला_ठाणे

दोन्ही उत्तरं उत्तम, पण प्रश्नातली एक ओळ कोणी वाचलेली दिसत नाही. टॉप-अपला घरचा आरओ, टीडीएस ३५-४०.

आपल्याकडच्या किचनमधल्या आरओला टीडीएस कंट्रोलर असतो, थोडं पाणी मेंब्रेनला वळसा घालून मिसळतं. ते एक वेळ सोडा. हल्ली बऱ्याच मॉडेलना तांब्याचं कार्ट्रिज येतं, ‘कॉपर’ असं पुढे छापलेलं असतं. माणसाला ठीक, श्रिम्पला विष. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात तांब्याची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम, दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत सूट. माणसासाठीचा हा आकडा टँकला लावता येत नाही.

आणि पाणी उडतं, तांबं उडत नाही. रोज दोन लिटर म्हणजे पाच महिन्यांत ३०० लिटर. २१० लिटरच्या टँकमध्ये त्या ३०० लिटरमधलं जे काही होतं ते सगळं आत, त्यातलं काही दगड-वाळूत मुरलेलं. तिथे सव्वादोन तास ड्रिप करून काय उपयोग?

मशीनवर काय लिहिलंय बघा. आणि टँकमध्ये गोगलगाय, हर्मिट (शंखात राहणारे खेकडे) आहेत का?

---

निवटी_पुणे

बघितलं. कॉपर लिहिलंय. आत्ताच किट आणून टेस्ट केली, शून्य. चार टर्बो गोगलगाय आणि तीन हर्मिट आहेत, तीन महिने झाले, हर्मिटच्या काती अधूनमधून दिसतात. मग शनिवारी श्रिम्प आणू की नको?

---

शिंपला_ठाणे

हर्मिट कात टाकून जगतोय हे शून्य दाखवणाऱ्या किटपेक्षा जास्त बोलकं. हॉबी किटला फार कमी पातळी वाचता येत नाही. तेव्हा परिस्थिती हाताबाहेर नाही, पण मी श्रिम्प दोन आठवडे पुढे ढकलेन. दुकान गावातच आहे, अडतंय कुठे?

तेवढ्यात: किचनचा आरओ आजपासून बंद. साधा आरओ आणि पुढे डीआय रेझिन (उरलेले क्षार काढणारं), मीटर ० दाखवेल असं पाणी. मशीन येईपर्यंत बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर घेत असाल तर तेही मीटरने तपासूनच. सम्पमध्ये ताजा ॲक्टिव्हेटेड कार्बन आणि तांबं शोषणारं रेझिन, दोन्ही पिशवीत, जिथून पाणी जोरात जातं तिथे. आठवड्याला २० टक्के याप्रमाणे दोन वेळा पाणी बदला, मीठही त्या डीआय पाण्यातच कालवा. मग परत टेस्ट, मग श्रिम्प.

कोरल शनिवारी येऊ द्या. कुरिअर निघालेला असेल, आणि झोआ-लेदर एवढ्यावर तग धरतील.

---

उधाण

शिंपला बरोबर बोलतायत, ती ओळ माझ्या नजरेतून सुटली. श्रिम्प पुढेच ढकला.

लाइटचं राहिलं. २० तास अंधारात आलेलं कोरल पूर्ण लाइटखाली ठेवलं की आतलं शेवाळ सोडून देतं आणि पांढरं पडतं. पहिला दिवस लाइट बंद. मग एलईडी नेहमीच्या ५० टक्क्यांवर, दर आठवड्याला १० टक्के वाढवा. सगळं आधी वाळूवर ठेवा. पार मीटर (कोरलला मिळणारा प्रकाश मोजणारा) कोणाकडून मिळाला तर सुरुवात ५० ते ७० पारला. पुढे मशरूम तिथेच राहू द्या, झोआ हळूहळू १०० च्या आसपास. झोआचा देठ लांब होऊन मान वर काढत असेल तर लाइट कमी पडतोय. अर्धे मिटून रंग फिका होत असेल तर जास्त होतोय. रोज जागा बदलू नका, एका जागी निदान आठवडा द्या.

श्रिम्प घेताना आणखी एक. पुढे कधी पेपरमिंट श्रिम्प (दुसरी एक जात) घ्यायला गेलात तर दुकानदार ती म्हणून कॅमल श्रिम्प गळ्यात मारतात. पाठीला कुबड, अंगावर लाल-पांढऱ्या रेघांची दाट जाळी, आणि तोंडावरचं टोक वर वळलेलं दिसलं तर ती कॅमल. झोआ आणि मशरूम खाते.

---

निवटी_पुणे

श्रिम्प पुढे ढकलली. त्याच विक्रेत्याकडे टॉर्च कोरलही आहे, तो या पार्सलमध्ये मागवावा का?

---

कालव

नको. टॉर्च, हॅमर, ॲक्रोपोरा, सगळी दगडी प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत. समुद्रपंखे, काळं प्रवाळ, ऑर्गन पाइप आणि फायर कोरलही. विक्रेता ‘सगळे ठेवतात’ म्हणाला तरी कायदा तोच राहतो. ओहोटीला कोकणच्या खडकांवर झोआची चादर दिसते, ती खरवडून आणायचा मोहही नको. मालवणचा सागरी भाग तर १९८७ पासून अभयारण्य आहे.

पार्सलबद्दल: विक्रेत्याला प्रत्येक फ्रॅग वेगळ्या पिशवीत बांधायला सांगा. लेदर आणि झोआ २० तास एकाच पाण्यात आले तर लेदरच्या स्रावाने झोआ आठवडाभर उघडत नाहीत. आणि तुम्ही कार्बन घालणारच आहात, तो शनिवारच्या आधी घाला, लेदरसाठीही लागणार आहे.