झिरो ए.डी. (कॉम्प्युटरवरचा लढाईचा गेम): मॅसेडोनियन सैन्य घेतलं की हरतोच

प्रश्न (विश्रामबाग, सांगली): चाळीस सरिसावाले (लांब भाल्याचे सैनिक) उभे करतो. मरत नाहीत, पण मारतही नाहीत! समोरचे भालाफेके लांबून खेळवत बसतात. लाईट जायच्या आत एक तरी डाव जिंकू दे की राव.

उत्तर १: भावा, सरिसावाला अडवायला असतोय. चिलखत दणकट, मारा किरकोळ, चाल बैलगाडीची. खरा सरिसाही 5-6 मीटरचा, दोन्ही हातांनी धरायचा. पटकन वळणार कसा? पायदळानं गुंतवायचं, घोडदळानं फोडायचं. इ.स.पू. 331 ला गौगमेलाच्या लढाईत अलेक्झांडरनं घोडी घातली ती अशीच, थेट पर्शियाच्या राजा दरायसच्या रोखानं. तू मागं भालाफेके ठेव, घोडी बाजूनं घाल.

उत्तर २: आणि तटाला सरिसा टोचत बसू नको, वेढ्याची यंत्रं कर.

प्रश्नकर्ता: जिंकलो लगा! भडंग माझ्याकडून.