रशियन ट्विस्ट करताना पोटाऐवजी कंबरच का भरून येते?

प्रश्न (अमळनेर)
नमस्कार मंडळी. तीन महिन्यांपासून मी गावातल्या व्यायामशाळेत जातो. जमिनीवर बसून, पाय अधांतरी धरून, ५ किलोची प्लेट डावीकडे-उजवीकडे नेण्याचा व्यायाम मी दर फेरीत ४० वेळा, अशा तीन फेऱ्या करतो. प्लेट जमिनीला टेकली नाही तर ते आवर्तन धरायचे नाही, असे मला पहिल्याच दिवशी बजावण्यात आले होते. पोटाला ताण असा जाणवतच नाही. दुसऱ्या दिवशी बुटांचे बंद बांधायला वाकलो की कंबर मात्र भरून आलेली असते. वजन कमी करावे की व्यायामच सोडावा?

उत्तर (भुसावळ)
भाऊ, व्यायाम सोडू नका, जमिनीला टेकवणे तेवढे सोडा. कमरेचे पाचही मणके मिळून एका बाजूला जेमतेम दहाएक अंश वळतात. खरे वळण त्यांच्या वरच्या, बरगड्या जोडलेल्या पाठीतून मिळते. प्लेट जमिनीपर्यंत नेण्याच्या नादात पाठीला पोक येतो आणि वाकलेल्या कमरेलाच पीळ बसतो. पाय उचललेले असले की मांडी वर खेचणारे स्नायूही कमरेच्या मणक्यांना पुढे ओढत राहतात. म्हणून टाचा जमिनीवर ठेवा, छाती उघडी ठेवून पाठ सरळ असतानाच थोडे मागे रेला आणि प्लेट छातीच्या मधल्या हाडासमोर, कोपरे वाकवून धरा. वळताना ती त्या हाडासमोरून सरकली, तर तुम्ही नव्हे, नुसते हात वळले असे समजावे. सदऱ्याच्या गुंड्यांची ओळ कुठे वळते ते आरशात पाहिले की हे लगेच कळते. वळताना श्वास सोडा, मध्यावर येताना घ्या. आठवडाभर प्लेटशिवाय करा. नंतर अडीच किलो पुरे.

उत्तर (रावेर)
वरील उत्तर पटले. भर एवढीच की हा व्यायाम उभ्यानेही करता येतो आणि माझ्या मते तोच अधिक उपयोगी. आमच्याकडे केळीचा घड खांद्यावर घेऊन ट्रकपाशी आलेला जाणता मजूर पाय रोवून कंबर पिळत नाही, आधी पाऊल फिरवतो. उभ्याने, व्यायामशाळेतल्या यंत्राच्या दोरीला (केबलला) जोडलेले वजन ओढत वळताना मागच्या पायाची टाच उचलून तशीच फिरू द्यावी.

उत्तर (धुळे)
दुखणे कमरेवरून पायात उतरत असेल किंवा पावलाला मुंग्या येत असतील, तर हा प्रयोग न करता आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे.

प्रश्नकर्ता (अमळनेर)
पायात काही उतरत नाही. आज टाचा टेकवून, प्लेटशिवाय, गुंड्यांकडे पाहत केले. एका बाजूला आठ आवर्तने होताच बरगड्यांखाली ताण आला आणि बाराव्याला थांबावे लागले. ४० मोजणारे शेजारचे गृहस्थ मात्र माझ्याकडे जरा कीव आल्यासारखे पाहत होते.