नांगर मागून सोडताय? मग आधी पोहायला शिका

रामबागकर: काल इथे एका काकांनी लिहिलं की अमेरिकेत मुलाकडे बदकांच्या शिकारीला गेलो, वारा सुटला, छोट्या बोटीचा नांगर मागून सोडला, बोट जागची हलली नाही, इंदूरजवळच्या यशवंत सागर तलावावर फोटो काढणाऱ्यांनीही तेच करावं. काका, नशीब म्हणा! मागची बाजू मुळात बुटकी, मोटारही तिथेच. त्यात दोर तिला खाली ओढतो, की लाट थेट आत. खवळलेल्या पाण्यात नांगर पुढच्या टोकालाच, आणि दोर तळापासून टोकापर्यंतच्या उंचीच्या सातपट. पाणी 10 फूट, टोक पाण्यावर 2 फूट, म्हणजे 84 फूट. नांगराजवळ थोडी साखळी, म्हणजे ओढ आडवी राहून फाळ गाळात रुततो. आखूड दोराने तो उपटून येतो.

बदककाका: 14 फुटांच्या बोटीत 84 फूट दोर? भिया, बसायचं कुठे? पुढून बांधली की ती झुलते, नेम कसा धरायचा? आणि ‘लंगर’ म्हणा. नांगर शेतात.

पागनीसपागावाली: जहाज ‘नांगरून ठेवतात’, लंगरून नाही! इंदुरात निदान घरात तरी मराठी धड बोला.

बदककाका: माझी आजी धारची, लंगरच म्हणायची. पुण्याची सर्टिफिकेटं नकोत.

पागनीसपागावाली: आजी धारला बोटीत बसायच्या का?

बदककाका: आजीवर जायचं काम नाही.

लोकमान्यनगरी: 1972 च्या कायद्याने इकडे शिकार बंद, यशवंत सागर 2022 पासून रामसर या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, आणि इथे नेमाच्या गप्पा!

बदककाका: शिकार तिकडची, परवान्याची. आधी वाचत जा.

रामबागकर: महेश्वरला नर्मदेत आमच्या नावाड्याने दगड मागेच बांधला होता. शेजारून मोटरबोट गेली. पहिल्या लाटेला आम्ही हसलो. दुसरीला थर्मास पोहायला लागला. भिजलेली गाठ सुटेना, शेवटी बायकोने पेरू कापायला आणलेल्या सुरीने दोर कापला. पेरू गेले, आम्ही राहिलो. तेव्हापासून सुरी हाताशी.

बदककाका: बरं बाबा, वाऱ्यात पुढून. पण शांत पाण्यात मी दोन्हीकडून बांधणार.

रामबागकर: बांधा की, शांत पाण्यात खाटही बांधा. फक्त वारा फिरून बोट लाटांना आडवी झाली, तर मागचा आधी मोकळा करा.

पागनीसपागावाली: मागचा काय मोकळा करा?

बदककाका: लंगर.